धान इकडून, भुसा तिकडून

कामठ्याच्या हेमेंद्र टेंभरेला लहानपणापासून बाण काढायचा नाद. चौथीत गुरुजींनी गाईवर निबंध लिहायला सांगितला, तर याने पानभर चौकोन काढले. एका चौकोनात चारा, पुढे बाण, मधल्या चौकोनात गाय, तिथून दोन बाण, एक दुधाकडे आणि एक शेणाकडे. गुरुजींनी कान पिळला. बापाने मात्र ते पान येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं आणि पोरगा इंजिनिअर होणार हे गावात ठरून गेलं. गावाने एकदा ठरवलं की पोराच्या हातात फारसं काही राहत नाही.

झालाही इंजिनिअर. पुण्याकडच्या एका कंपनीत लागला. तिथलं काम असं की कोणाला कारखाना काढायचा असला की तो आधी कॉम्प्युटरच्या पडद्यावर चालवून बघायचा. पडद्यावर छोटी छोटी यंत्रं, त्यांच्यामधून सरकणारे रंगीत ठिपके, ठिपका म्हणजे माल. माल कुठे तुंबतो, कुठलं यंत्र उपाशी बसतं, ते खऱ्या विटा रचायच्या आधीच कळतं. याला सिम्युलेशन म्हणतात. विद्या चांगली आहे, तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार हेमेंद्रबद्दल आहे. त्याला पुढे पुढे पडद्यावरचे ठिपकेच खरे वाटायला लागले आणि बाहेरची माणसं जरा बिघडलेली.

स्वतःच्या लग्नात त्याने पंगतीसाठी मांडवाच्या खांबांवर बाण चिकटवले होते. जेवायला येणारे कुठून शिरतील, हात कुठे धुतील, कुठून बाहेर पडतील, सगळं आखलेलं. त्यात एक बाण उलटा लागला आणि वराकडचे पंचवीसतीस म्हातारे जेवायच्या आधीच हात धुऊन, सुपारी तोंडात टाकून रस्त्यावर येऊन उभे राहिले. त्यांची समजूत काढता काढता रात्र झाली. नवरी रविता, आमगाव-सालेकसा रस्त्यावरच्या राईस मिलवाल्या मुन्नालाल बिसेनांची एकुलती एक मुलगी, बोहल्यावर बसून हे बघत होती. आपल्या पदरात काय पडतंय हे तिला तेव्हाच कळलं होतं, पण पदरी पडलं पवित्र झालं.

पुढे कंपनीने खर्च कमी करायला काढला. कोणीतरी हेमेंद्रच्याच खात्याचं सिम्युलेशन केलं आणि त्याच्यावाचून काम जास्त चांगलं चालतं असं निघालं. निरोपाची चिठ्ठी घेऊन तो घरी आला. कामठ्यात मात्र त्याने सांगितलं की कंपनीने आपल्याला मागासलेल्या भागातले उद्योग सुधारायला पाठवलंय. रवितानं बजावलं की खोटं बोलू नका, अंगाशी येईल. पण बोललेलं परत घेता येत नाही, आणि आता काहीतरी सुधारणं भाग होतं. जवळात जवळ सुधारण्यासारखी वस्तू म्हणजे सासऱ्याची मिल.

मिल खरोखरच सुधारण्यासारखी होती. मुन्नालालचा बाप जागेश्वर बिसेन, त्याने एका लांबलचक शेडमध्ये ती उभारली. पहिल्या टोकाला हौद, त्यात धान भिजायचं. मग बॉयलरच्या वाफेवर उकडायचं, ड्रायरमध्ये सुकायचं आणि पुढच्या अर्ध्या भागात हलरमध्ये जाऊन त्याचा तांदूळ व्हायचा. धानाची टरफलं, म्हणजे भुसा, मागे यायचा आणि बॉयलरमध्ये जळायचा. त्या जाळावर पुढचं धान उकडायचं. जागेश्वर वारला तेव्हा तेरवीच्या, म्हणजे तेराव्याच्या दिवशी पगडी कोणाच्या डोक्यावर यावरून मुन्नालाल आणि धाकटा भाऊ दुर्गाप्रसाद यांचं जे वाजलं ते कायमचं. पगडी रीतीप्रमाणे थोरल्याला गेली. धाकटा म्हणाला, मिल मी चालवली आणि फेटा हा मिरवणार. त्या दिवसापासून दोघे एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत.

वाटणीला पंच बसले. पंच त्यांच्याच पोवार जातीचे, न्यायाला पक्के. त्यांनी टेप लावून शेड मोजली आणि बोटाचाही फरक न पडू देता बरोबर मध्ये भिंत घातली. हौद, बॉयलर, ड्रायर थोरल्याकडे. हलर, पॉलिशर आणि पोती भरायची जागा धाकट्याकडे. एवढा चोख न्याय जिल्ह्यात झाला नसेल. त्या न्यायाने दोन्ही भावांच्या वाट्याला एकेक निरुपयोगी मिल आली, कारण थोरला धान उकडू शकत होता पण सोलू शकत नव्हता आणि धाकटा सोलू शकत होता पण त्याच्याकडे उकडलेलं धान नव्हतं. मग भिंतीला एक खिडकी ठेवली. खिडकीतून धान तिकडे आणि भुसा इकडे. दोन्हींवर झडपा, धानाची झडप थोरल्याच्या हातात, भुशाची धाकट्याच्या.

आता झडप उघड हे सांगायचं कोणी? भाऊ तर बोलत नाहीत. ते काम भिंत करत होती.

दुर्गाप्रसादची बायको फुलवंता रोज सकाळी भिंतीपाशी यायची. मुन्नालाल तिचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ. जेठाशी बोलायची रीत नाही, त्याच्यापुढे तोंड उघडं टाकायची रीत नाही. म्हणून ती पदर पुढे ओढून भिंतीला सांगायची, की भिंती, आमचा हलर रिकामा झाला बाई. पलीकडे मुन्नालाल खाटेवर बसलेला असायचा. तो थोडं थांबून भिंतीलाच सांगायचा, की भिंती, बॉयलर भुकेला दिसतो. आणि दोन्हीकडे झडपा उघडायच्या. त्यासोबत भिंतीला आणखीही बरंच कळायचं. यांना रात्री झोप लागली नाही, पोराची परीक्षा आहे, गाय आटली. एकदा फुलवंतानं भिंतीला सांगितलं की यांच्या पोटात कळ येऊन राहिली, तर दुपारी मुन्नालालचा बॉयलरवाला चैतराम ओव्याची पुडी घेऊन तिकडे गेला. कोणी पाठवली ते त्याने सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही. मिल अशीच चालत होती, आणि बरी चालत होती.

या भरल्या घरात हेमेंद्र लॅपटॉप घेऊन आला. मुन्नालालला मुलगा नव्हता, थकलाही होता. त्याने जावयाला ओसरीवर बसवून सरळ सांगितलं की हा हंगाम दोन्हीकडचं काम नीट चालवून दाखवा, मिलच्या किल्ल्या तुमच्या हाती देतो. नाही जमलं तर कामठ्याला बापाची शेती आहेच. कामठ्याला जायचं म्हणजे पारावरच्या लोकांना सांगायचं की कंपनीने कुठेच पाठवलेलं नाही, कंपनीने काढलंय. त्यापेक्षा मरण बरं असं हेमेंद्रला वाटलं. किल्ल्या मिळायलाच हव्या होत्या.

आठवडाभर तो पडद्यावर मिल मांडत बसला. एका यंत्रापासून दुसऱ्याकडे बाण काढला की माल जातो, तेवढं सोपं. पण मध्ये भिंत, म्हणून त्याने दोन वेगळ्या सिस्टिम धरल्या, आणि दोन सिस्टिममध्ये नुसता बाण पुरत नाही. एकीला माल बाहेर पडायचं दार द्यावं लागतं, दुसरीला आत घ्यायचं, ती दारं एकमेकांना जोडावी लागतात. आणि मग प्रोग्राम एक प्रश्न विचारतो. देणाऱ्याने माल तयार झाला की आपणहून पाठवायचा, की घेणाऱ्याने मागितला की पाठवायचा? दोन पर्याय, एकावर टिचकी मारा. हेमेंद्रने मागणीवर मारली. पुण्याला तेच हुशारीचं समजत.

मग तो वेळ मोजायला भिंतीपाशी उभा राहिला. फुलवंताकाकी आली, बोलली, मुन्नालाल बोलला, गाय, परीक्षा, झोप, सगळं झालं, तेव्हा कुठे झडप उघडली. हेमेंद्रने कपाळावर हात मारून घेतला. एवढ्या मोठ्या मिलचा माल एका भिंतीशी चाललेल्या गप्पांवर अडलेला. त्याने पडद्यावर त्या जागी लाल रंगात 'अनावश्यक विलंब' असं लिहिलं आणि ती पायरी उडवून टाकली. ठिपके सुसाट पळू लागले. खाली हिरवा आकडा चढायला लागला. एवढा आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता, आणि लग्नात का झाला नव्हता हे आपण पाहिलंच आहे.

योजना अशी ठरली. भिंतीतली खिडकी फोडून दारापेक्षा रुंद करायची, तिथून दोन पट्टे टाकायचे, एकावर धान, एकावर भुसा. दोन्हीकडे एकेक बटण आणि एकेक दिवा. ज्याला माल हवा त्याने बटण दाबायचं, पलीकडे दिवा लागेल, तो झडप उघडेल. बोलायचं कामच नाही.

दुर्गाप्रसाद याला कबूल कसा झाला, असं कोणी विचारेल. भांडण भावाशी होतं, जावयाशी नव्हतं. पुतणीचा नवरा म्हणजे त्याचाही जावईच, आणि जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही ही रीत. हेमेंद्र त्याच्या घरी गेला तेव्हा त्याचे पाय धुतले, पुढ्यात अनरसे ठेवले, लॅपटॉपवरचे ठिपके पाहून दुर्गाप्रसाद दर थोड्या वेळाने वाहवा म्हणत राहिला. त्याला त्यातलं काही कळलं नव्हतं. मुन्नालालनेही तसंच केलं. सगळ्या पंचक्रोशीत जर कोणी हेमेंद्रला एका शब्दाने टोकलं असेल तर ते रवितानं. ती म्हणाली की भिंत नका पाडू. का, तर ते तिला नीट सांगता येईना. ज्याचं कारण सांगता येत नाही ते हेमेंद्रच्या लेखी नव्हतंच.

भिंत फुटली. पट्टे बसले. नारळ फुटला. दोन्ही भाऊ आपापल्या अर्ध्यात, आपापल्या बटणापाशी उभे राहिले. मध्ये आता आरपार मोकळं होतं आणि बऱ्याच वर्षांनी दोघांना एकमेकांची तोंडं सरळ दिसत होती. दोघांनीही ती लगेच फिरवली.

बटण कोणी दाबेना.

हेमेंद्रला वाटलं, समजलं नसेल. त्याने सासऱ्याला पुन्हा समजावलं की बॉयलरला भुसा हवा असला की हे दाबायचं. मुन्नालाल शांतपणे म्हणाला, "समजलं जी. पन दाबलं म्हंजे मी त्याले मागितलं. मी काऊन मागू?"

पलीकडे जाऊन पाहिलं तर तिथेही तेच. इतकी वर्षं कोणी कोणाला काही मागितलंच नव्हतं. भिंतीला सांगितलं होतं. भिंतीला सांगण्यात कोणाची मान खाली जात नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही चांगला शाबूत होता.

राहिली फुलवंता. ती सवयीने सकाळी आली, पदर पुढे ओढला, तोंड उघडलं, आणि समोर साक्षात जेठ खाटेवर बसलेला. मध्ये काही नाही. ती तशीच मागे फिरली आणि पुन्हा त्या बाजूला फिरकली नाही.

दुसऱ्या दिवशी बॉयलर थंडावला. हौदात भिजलेलं धान वेळेत उकडलं नाही की आंबतं. तिसऱ्या दिवशी आंबूस वास रस्त्यापर्यंत गेला आणि जाणारे-येणारे नाकाला रुमाल लावून बिसेनांच्या मिलमध्ये काय मेलं ते विचारू लागले. आत हेमेंद्रच्या पडद्यावर ठिपके अजून पळत होते. हिरवा आकडा आणखी वाढला होता. तो चैतरामला बोलावून दाखवत होता की हे बघ, सिस्टिममध्ये काही दोष नाही. चैतराम बघत होता आणि नाकावरचा गमछा घट्ट करत होता.

मागणी चालत नाही तर आपणहून पाठवू, असं ठरवून हेमेंद्रने प्रोग्रामचा दुसरा पर्याय घेतला. उकडून ठेवलेलं थोडं धान ड्रायरजवळ शिल्लक होतं. त्याने पट्टा आपोआप सुरू होईल असा लावला. धान सरसरत पलीकडे गेलं. दुर्गाप्रसादने आपल्याकडचं तोंड फळीने बंद केलं. धान पट्ट्यावरून दोन्ही बाजूंना सांडलं, त्याचा ढीग झाला, ढिगात पट्टा अडकला आणि त्या पट्ट्याची मोटार जळाली.

हेमेंद्र धावत गेला. धाकटा सासरा लाल झाला होता, पण जावयाशी अदबीनेच बोलला. "मी मागतलं नाई, तं तो कायले पाठवते, जवाईबापू? मले भीक देऊन राहिला का?"

हेमेंद्र त्या ढिगापाशी बसून राहिला. मागितलं तर भिकारी, आणि न मागता आलं तर भीक. प्रोग्राममध्ये तिसरा पर्याय नव्हता. त्याने मदतीचं पानही उघडून पाहिलं. तिथे पाइप, पट्टा, ट्रॉली, रोबो, सगळ्यांनी माल कसा न्यावा ते लिहिलं होतं. ज्यांना एकमेकांवाचून चालत नाही आणि ते कबूलही करायचं नाही, अशा दोन माणसांमध्ये माल कसा न्यावा ते कोणी लिहिलेलं नव्हतं. खरं तर त्याने ते स्वतःच्या हाताने लाल रंगात लिहून खोडलं होतं, पण एवढं त्याच्या ध्यानात अजून आलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आला तर ओसरीवरच्या खाटेवर नवं शर्टाचं कापड, दुपट्टा आणि नारळ मांडून ठेवलेला. जावयाला कोणी जा म्हणत नाही. निघताना त्याचा असा मान करतात. हेमेंद्र निघालेला नव्हता, तरी मान तयार होता. त्याला अर्थ कळला. उद्या सकाळी कामठ्याच्या पारावर आपण उभे आहोत आणि सगळे विचारताहेत, काऊन आला रे बाबू, एवढंच त्याच्या डोळ्यांपुढे येत राहिलं. रविता आली तेव्हा तो नारळाकडे बघत बसला होता. त्याला रडूच यायचं बाकी होतं.

रविताला त्याची कीव आली आणि रागही आला. राग जास्त आला. ती तशीच काकीकडे गेली आणि तिला विचारलं की तू का येत नाहीस, तू आलीस तर सगळं सुरू होईल. फुलवंता तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "कोनाशी बोलू वो? तिथं तं आता मानूसच हाय समोर."

सकाळी रवितानं ओसरीवरची प्लास्टिकची खुर्ची उचलली, नवऱ्याला हाताला धरून मिलमध्ये नेलं आणि भिंतीला पडलेल्या भगदाडाच्या मधोमध, दोन पट्ट्यांच्या मध्ये खुर्ची ठेवून त्याला बसवलं. तोंड ना इकडे ना तिकडे, रस्त्याकडे. काय करायचं, त्याने विचारलं. काही करायचं नाही, ती म्हणाली, तेवढं तरी नीट करा. दोन्हीकडे जाऊन ती सांगून आली की जवाईबापू आता मध्ये बसणार आहेत, मॅनेजर म्हणून.

मॅनेजर हा शब्द ऐकून हेमेंद्र जरा ताठ बसला. मांडीवर लॅपटॉप उघडला.

थोड्या वेळाने फुलवंता आली. पदर पुढे ओढलेला. ती हेमेंद्रच्या एका खांद्यापासून दोन हातांवर थांबली, त्याच्या डोक्यावरून कुठेतरी वर पाहिलं आणि एका सुरात सांगून टाकलं की आमचा हलर तीन रोज रिकामा पडून आहे, आणि यांचा गुडघा सुजला आहे, जिना चढवत नाही.

मुन्नालाल खाटेवरून उठला. इतक्या दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. तो हेमेंद्रच्या दुसऱ्या खांद्याशी आला आणि त्या खांद्यालाच म्हणाला की बॉयलर भुकेला आहे, आणि तिळाचं तेल चैतरामच्या हाती येईल, कोमट करून लावायचं.

दोन्हीकडे माणसं झडपांकडे निघाली, आणि मोटार जळालेल्या पट्ट्यावरचं धान घमेल्यांनी पलीकडे जाऊ लागलं. चैतरामने आंबलेला हौद रिकामा करायला घेतला. हेमेंद्रला वाटलं, आपली सिस्टिम अखेर चालली. मॅनेजरने अशा वेळी काहीतरी बोललं पाहिजे. तो खुर्चीत वळला आणि म्हणाला की काकी, एवढं लांब चालत यायची गरज नाही, मी एक ॲप बनवून देतो, तुम्ही घरूनच...

फुलवंतानं पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं. रागाने नाही, आपण लहान मुलाला समजावतो तसं पाहिलं.

"तुमी बोलू नोका, जवाईबापू. भिंत बोलत नोती."

हेमेंद्रने तोंड मिटलं. पलीकडून साठलेला भुसा यायला लागला, त्याची बारीक धूळ त्याच्या केसांवर आणि लॅपटॉपवर बसत गेली, आणि त्याने ती झटकलीसुद्धा नाही. दुपारी बॉयलरने वाफ धरली. तेव्हा मुन्नालाल आला, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला, आणि जावयाकडे न बघता, खुंटीला अडकवावा तसा त्याच्या खुर्चीच्या पाठीला अडकवून निघून गेला.